वर्कशॉपमधलं महागडं मशीन स्वतः दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात वागळे इस्टेटला माझा छोटा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन वेल्डिंग मशीन, एक कॉम्प्रेसर आणि सेकंड हँड घेतलेलं, संगणकावर चालणारं एक सीएनसी. गेली अनेक वर्षं यातलं जे बिघडेल ते आधी आम्हीच उघडून बघतो. रबाळे, तुर्भे, कळव्याच्या गाळेवाल्यांचे त्यावरून सतत फोन आणि मेसेज येतात आणि बरेचसे प्रश्न तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. मला हे जमेल का?

बरंचसं जमेल. वर्कशॉपमधल्या मशीनचे बहुतेक बिघाड यांत्रिक किंवा साध्या विजेचे असतात: बेअरिंग, बेल्ट, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), कपॅसिटर, पंखा, वायरच्या टोकाची सैल झालेली लग, लिमिट स्विचमध्ये (दार किंवा स्लाइड येऊन दाबते तो स्विच) अडकलेला धातूचा कीस. यातल्या कशालाही पदवी लागत नाही. सर्किट बोर्डावरचा एखादा पार्ट बदलायला हात बसावा लागतो, पण बिघाड बोर्डात आहे की बाहेर, हे शोधणं कुणालाही शिकता येतं. खरे पैसे त्या शोधण्यातच वाचतात. कंपनीकडून भाव येतो तो अख्ख्या असेंब्लीचा, आणि बिघाड त्यातल्या एखाद्या लहानशा वस्तूत बसलेला असतो.

२. दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं, हे कसं ठरवता?

आधी निदान, मग हिशेब. काय गेलंय हे न कळता लोक नवीन मशीनचं कोटेशन मागवतात, तिथेच चूक होते.

आमच्या मिलिंगवर १५ एचपीचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) आहे. सकाळी व्यवस्थित चालायचा आणि दुपारी एकच्या सुमाराला जास्त तापमानाचा एरर देऊन बंद पडायचा. सर्व्हिसला आलेल्या माणसाने पॅनेलचं दार उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि ‘ड्राइव्ह गेला, नवीन बसवा’ म्हणून सत्तर हजारांचा आकडा सांगितला. शुक्रवारी गाळा बंद असतो. त्या दिवशी मी ड्राइव्ह खाली उतरवला. आतला पंखा बोटाने ढकलला तरी फिरत नव्हता. हीटसिंकच्या फटींत तेलकट धूळ आणि कीस मिळून नमद्यासारखा थर बसला होता, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर पट्टीसारखा निघून आला. २४ व्होल्टचा पंखा नऊशे रुपयांना मिळाला. तो ड्राइव्ह आजही चालू आहे.

म्हणून माझा क्रम असा: बिघाड नक्की कुठे आहे, तो पार्ट मिळतो का, आणि मशीन बंद राहिल्याने रोज किती काम अडतं. तिसरी गोष्ट लोक धरतच नाहीत. ऑर्डर अंगावर असताना आठवडाभर प्रयोग करत बसण्यापेक्षा भाड्याने मशीन आणून काम पुरं करा आणि बिघडलेलं नंतर सावकाश उघडा.

३. हत्यारं काय काय घेऊ?

चांगला मल्टिमीटर आधी घ्या, तोही कॅट ३ (थ्री फेज पॅनेलवर चालेल असा सुरक्षेचा दर्जा), ६०० व्होल्टचा. रस्त्यावर मिळणारा दोन-अडीचशेचा मीटर ४१५ व्होल्टच्या पॅनेलवर लावू नका, आत भडका होऊ शकतो. त्यानंतर टाँगटेस्टर (वायरला चिमटा लावून करंट मोजणारा मीटर), ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर), बेअरिंग पुलर, डायल गेज आणि सिरीज बल्बचा बोर्ड (प्रश्न १० पाहा). मेगर महाग वाटला तर चार गाळ्यांत मिळून एक घ्या, रोज लागत नाही. आणि एक वही. उघडण्याआधीचा फोटो, वायरचा नंबर, बदललेल्या पार्टचा कोड, तारीख, सगळं तिच्यात लिहा. मोबाइलमधले फोटो हरवतात, वही ड्रॉवरमध्ये राहते.

४. मेन स्विच बंद केला की हात घालायला हरकत नाही ना?

हरकत आहे, दोन कारणांनी.

पहिलं कारण, दुसरा कुणीतरी येऊन स्विच चालू करतो. आमच्याकडचे जुने फिटर काका मशीनवर चढण्याआधी तिन्ही किटकॅट (काढता येणारे चिनी मातीचे फ्यूज) काढून पँटच्या खिशात टाकायचे आणि काम संपेपर्यंत कुणाला द्यायचे नाहीत. आता एमसीबी आले, खिशात घालायला काही उरलं नाही, म्हणून कुलूप लावायची क्लिप घ्या. किल्ली जो काम करतो त्याच्याकडेच राहील.

दुसरं कारण, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज. ४१५ व्होल्टचा थ्री फेज पुरवठा ड्राइव्हमध्ये रेक्टिफाय झाला की आत जवळपास ५८५ व्होल्ट डीसी तयार होतं आणि वीज बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकतं. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या कव्हरवर लिहिलेलं असतं, बहुधा ५ ते १०. तेवढं थांबा आणि नंतरही प्लस-मायनसच्या टर्मिनलवर मीटर लावून पाहा. आकडा ५० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात नको. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून कपॅसिटर रिकामा करू नका. टोक वितळतं आणि ठिणगी डोळ्यात उडते.

५. मशीन पूर्ण मेलंय, बटण दाबलं तरी काहीच होत नाही. कुठून सुरुवात करू?

बाहेरून आत या. तिन्ही फेज (लाल आर, पिवळा वाय, निळा बी) येतात का: आर-वाय, वाय-बी, आर-बी, प्रत्येक जोडीत ४१५च्या आसपास हवं. इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलंय का? हसू नका, असे फोन खरंच येतात. दारांचे लिमिट स्विच बसलेत का, ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट घेतला की वीज तोडणारा) ट्रिप झालाय का, कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज शाबूत आहे का? इथपर्यंत वीस मिनिटं लागतात आणि बहुतेक मशीन इथेच चालू होतात.

ओव्हरलोड रिले ट्रिप झालेला दिसला तर रीसेट करून सोडून देऊ नका. टाँगटेस्टरने तिन्ही वायरचा करंट मोजा आणि मोटरच्या पट्टीवरच्या (नेमप्लेट) आकड्याशी ताडून पाहा. रिलेची सेटिंग वाढवून मशीन चालवलं तर आठवड्याभरात रिवायंडिंगचा खर्च येतो.

६. मोटर नुसती गुंगुं आवाज करते, फिरत नाही.

लगेच बंद करा. अशा अवस्थेत मिनिटभर जरी राहिली तरी वाइंडिंग जळू शकतं.

सिंगल फेज मोटर असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर. मोटर उघडायच्या आधी तो मोजा. रन कपॅसिटर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा दहा टक्क्यांहून कमी दाखवत असेल तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील.

थ्री फेज असेल तर बहुधा एक फेज गेलेला असतो. पुरवठा ठीक आहे हे पाहिलंच असेल, आता कॉन्टॅक्टरच्या वरच्या आणि खालच्या बाजूला मोजा. वर तिन्ही आणि खाली दोनच आले तर कॉन्टॅक्ट जळलेत. मोठ्या कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट किट सुटे मिळतात, अख्खा कॉन्टॅक्टर घ्यायची गरज नाही. जळके कॉन्टॅक्ट कानसीने घासू नका, त्यावरचा चांदीचा थर निघून जातो.

कॉम्प्रेसरची मोटर गुंगत असेल तर प्रश्न ११ आधी वाचा.

७. जोडणी केल्यावर मोटर उलटी फिरते.

थ्री फेजमध्ये कोणत्याही दोन वायरची अदलाबदल करा. कूलंट पंपही मशीनच्याच लाइनवर असेल तर त्याची दिशाही पाहून घ्या, तो उलटा फिरला की पाणी येतं पण धार लागत नाही.

८. गणपतीनंतर बंद मशीन चालू केलं की एमसीबी ट्रिप होतो. मोटर जळली का?

बहुतेक वेळा ती दमट झालेली असते, जळलेली नसते. खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात पत्र्याचं शेड. बंद मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल धरतेच. मोटरच्या वायरी सोडवा, ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडीमध्ये मोजा. १ मेगओहमच्या खाली असेल तर वीज देऊ नका. एंड कव्हर काढून जवळ शंभर वॉटचे दोन पिवळे बल्ब रात्रभर लावून ठेवा, वरून ताडपत्री सैल टाका, बल्बला टेकू देऊ नका. सकाळी परत मोजा. आकडा चढत असेल तर आणखी एक रात्र द्या. अजिबात चढला नाही, तर रिवायंडिंगवाल्याकडे न्या.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर फिरवू नका. मोटरला काही होणार नाही, पण ड्राइव्हचं आउटपुट जाईल.

९. बेअरिंग बदलताना नेमकं काय पाहायचं?

आधी नंबर. ६२०५ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा: ०५ म्हणजे २५ मिमी शाफ्ट. हा नियम ०४ पासून पुढे चालतो. त्याखालच्यांचं वेगळं आहे, ०३ म्हणजे १७ मिमी, ०२ म्हणजे १५. मागे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, २आरएस असेल तर रबर सील. नंबरच्या शेवटी सी३ असेल तर सी३च घ्या. मोटर तापली की आतला शाफ्ट फुगतो, त्यासाठी ती जागा ठेवलेली असते. दुकानदार ‘साधं चालतं’ म्हणाला तरी नको म्हणा.

आता बसवणं, कारण नवीन बेअरिंग महिन्यात ओरडायला लागलं तर दोष बहुधा बसवण्यातच असतो. शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या रिंगवर द्यायचा. त्या रिंगच्या मापाचा पाइपचा तुकडा कापून ठेवा आणि त्यावर ठोका. बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटात धरून सावकाश फिरवलं तर अडखळल्यासारखं जाणवतं. घट्ट बसत असेल तर गरम करा, पण गॅसच्या ज्योतीवर धरू नका. उघडं बेअरिंग तेलात गरम करता येतं, १२० अंशांच्या वर जायचं नाही. सीलवालं तेलात घालू नका, ते कोरड्या उष्णतेवर फार तर ८० अंशांपर्यंत. ग्रीस आतल्या मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश पुरे. ठासून भरलं की बेअरिंग तापतं.

बाजारात नामांकित कंपन्यांच्या नावाची नकली बेअरिंग सर्रास येतात. स्पिंडलचं बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकटच घ्या.

१०. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन लावलं की एमसीबी उडतो. उघडून काय तपासू?

पुन्हा पुन्हा प्लग लावून पाहणं थांबवा, प्रत्येक झटक्याला आणखी काही जळतं. प्रश्न ४ प्रमाणे थांबा, कव्हर काढा आणि हात घालण्याआधी कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा. मल्टिमीटर डायोडच्या सेटिंगवर ठेवून ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) मोजा. दोन्ही दिशांना शून्याजवळ आकडा आला तर तो पार्ट शॉर्ट आहे.

शॉर्ट आयजीबीटी एकटाच बदलू नका. तो जाताना गेटचे रेझिस्टर आणि झेनर बरोबर घेऊन जातो. ते तपासा, जोडीतले सगळे आयजीबीटी एकाच नंबरचे घाला, खाली इन्सुलेशन शीट आणि थर्मल पेस्ट नवीन लावा.

मग सिरीज बल्ब. शंभर वॉटचा फिलामेंटचा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजला जोडून सिंगल फेज मशीन चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर शॉर्ट गेला. पूर्ण उजेडात पेटून राहिला तर अजून काहीतरी शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे तुमचे नवे पार्ट वाचले. एलईडी बल्बने हे होत नाही. फिलामेंटचे बल्ब दिसले की दोन-चार घेऊन ठेवा.

ही मशीन मरतात मुख्यतः ग्राइंडरच्या धुळीने. लोखंडाचा बारीक चुरा पंख्यातून आत जाऊन बोर्डावर बसतो आणि पावसाळ्याच्या ओलीत वीज वाहू लागतो. वेल्डिंग मशीन ग्राइंडरपासून लांब ठेवा आणि महिन्यातून एकदा कोरड्या हवेने, कमी दाबाने फुंकून काढा.

११. कॉम्प्रेसर एकदा थांबला की परत सुरू होत नाही, मोटर गुंगते. कपॅसिटर बदलून झाला.

टाकी भरून कॉम्प्रेसर थांबतो त्या क्षणी, म्हणजे कट-ऑफला, प्रेशर स्विचमधून ‘फुस्स’ असा आवाज येतो का ते ऐका. त्या वेळी हेडमधली अडकलेली हवा सुटते. आवाज येत नसेल तर ही हवा सोडणारा व्हॉल्व्ह, म्हणजे अनलोडर, अडकलाय, आणि मोटर दरवेळी भरलेल्या दाबाविरुद्ध सुरू व्हायला बघते. आवाज येतो पण थांबतच नाही, हवा जातच राहते, असं असेल तर टाकीच्या तोंडचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. दोन्ही काम स्वस्तातलं आहे, फक्त त्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा.

१२. त्याच कॉम्प्रेसरच्या टाकीला तळाशी बारीक भोक पडलंय. वेल्डिंगचा टाका मारू का?

नाही. एक भोक दिसतं तेव्हा आजूबाजूचा पत्रा आतून गंजून पातळ झालेला असतो, वेल्डिंगने तो आणखी कमजोर होतो. अशी टाकी फुटली तर गाळ्यातलं माणूस वाचत नाही. टाकी भंगारात द्या, मोटर आणि हेड नवीन टाकीवर चढवा. नवीन टाकीचं पाणी रोज संध्याकाळी सोडा, पावसाळ्यात दोनदा.

१३. आणखी कशाला हात लावू नये?

सेफ्टी व्हॉल्व्हची सेटिंग. ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीनचे रेग्युलेटर: ऑक्सिजनच्या फिटिंगला तेलाचं किंवा ग्रीसचं बोट लागलं तरी ते पेट घेऊ शकतं. पॉवर प्रेसचा क्लच, ब्रेक आणि दोन हातांची बटणं. होइस्टचा ब्रेक आणि दोर. विजेचा मीटर आणि त्याचं सील. गाळ्याच्या वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या.

‘तात्पुरता’ म्हणून बायपास केलेला दाराचा लिमिट स्विच वर्षानुवर्षं तसाच राहतो. मी हे स्वतःच्या गाळ्यात पाहिलंय, आणि त्या दिवसापासून बायपासची वायर लाल रंगाची आणि तीही वहीत नोंदवूनच, असा नियम केला. निदान झालं की ती त्याच दिवशी निघते.

१४. ड्राइव्ह सारखा ओव्हरकरंट दाखवतो. ड्राइव्ह खराब की मोटर?

ड्राइव्हच्या आउटपुटमधून मोटरच्या वायरी काढा आणि साध्या व्ही-एफ मोडवर (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एकाच प्रमाणात ठेवणारी सेटिंग) नुसता ड्राइव्ह चालवून पाहा. तरी एरर आला तर दोष ड्राइव्हमध्ये. नाही आला तर मोटर किंवा मधली केबल. कीस पडून सोललेली केबल मला जास्त वेळा सापडली आहे. थांबवतानाच ओव्हरव्होल्टेज येत असेल तर काही बिघडलेलं नाही, थांबण्याचा वेळ वाढवा.

अपवाद: वर्षाहून जास्त काळ पेटीत पडून राहिलेला ड्राइव्ह. त्याला एकदम ४१५ व्होल्ट देऊ नका. कपॅसिटर आधी व्हेरिअ‍ॅकने हळूहळू व्होल्टेज चढवून जागे करावे लागतात, नाहीतर पहिल्याच मिनिटाला फुटतात.

१५. लेथवर जॉब टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) निघतो. बेड झिजला म्हणून मशीन विकू का?

थांबा. टेलस्टॉकच्या सेंटरवर धरलेला जॉब टेपर निघत असेल तर टेलस्टॉक सरकलाय. टेस्ट बार लावून डायल फिरवा, बाजूच्या स्क्रूने आणा. फक्त चकमध्ये धरलेला जॉब टेपर निघत असेल तर आधी लेव्हल बघा. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लेव्हल बेडवर आडवी ठेवून हेडस्टॉकपासून टोकापर्यंत न्या. आमच्या भागातल्या भराव टाकलेल्या जमिनीवर फरशी खचते, एक पाय लोंबकळतो आणि बेड पिळला जातो. पायाखालचे बोल्ट फिरवून एका दुपारी ठीक झालेले लेथ मी पाहिलेत. बेडची झीज खरंच असेल तर ती चकजवळ जास्त असते आणि ते काम ग्राइंडिंगवाल्याचं.

१६. सीएनसीवर बॅटरीचा अलार्म आलाय. मशीन बंद करून बॅटरी बदलू ना?

बंद करून नको! कंट्रोल चालू ठेवूनच बॅटरी बदलायची असते. बंद मशीनची बॅटरी काढली की पॅरामीटर पुसले जातात आणि मग कंपनीला बोलवावंच लागतं. इमर्जन्सी दाबून ठेवा. इथे पॅनेलमध्ये वीज चालूच असते, म्हणून बॅटरीशिवाय कशालाही हात लागू देऊ नका. अलार्म नसतानाच आज पॅरामीटरचा बॅकअप मेमरी कार्डवर घ्या.

१७. पार्ट कुठे मिळतात?

बेअरिंग, बेल्ट, हत्यारं नागदेवी स्ट्रीटला, कॉन्टॅक्टर आणि केबल लोहार चाळीत, इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला. नागदेवीसाठी ठाण्याहून स्लो लोकलने मशीद स्टेशन. वाशी-तुर्भेकडून हार्बरनेही मशीद येतं. रविवारी जाऊ नका. जुना पार्ट हातात घेऊनच जा आणि मशीनच्या पट्टीचा फोटो ठेवा. व्ही बेल्ट घेताना एक तुटला तरी सगळा सेट बदला, जुन्या-नव्यात लांबी वेगळी पडते आणि सगळा भार नव्यावर येतो.

१८. आतल्या चिपवरचा नंबर कंपनीने घासून काढलाय. सर्किट डायग्रामही देत नाहीत. कायदा काही म्हणतो का?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं एवढी चार क्षेत्रं धरली. वर्कशॉपची मशीन त्यात नाहीत, आणि हे मला चुकीचं वाटतं. लहान गाळेवाल्याचं पोट त्या मशीनवर चालतं. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एक वाट आहे: फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या मशीनचा मालक ग्राहक धरला जातो. तसं असेल तर बिलं आणि सर्व्हिस रिपोर्ट जपून ठेवा.

चिपचं म्हणाल तर तोच बोर्ड वापरणारं दुसरं मशीन शोधा. रबाळ्याच्या एका गाळेवाल्याकडे माझ्यासारखंच वेल्डिंग मशीन निघालं. त्याच्या बोर्डावर नंबर शाबूत होता, त्याने फोटो पाठवला आणि माझं काम झालं.

१९. वॉरंटीतलं मशीन उघडलं तर?

सील फोडलं की कंपनी वॉरंटी नाकारते, म्हणून वॉरंटी असेपर्यंत बाहेरूनच तपासा: पुरवठा, फ्यूज, लिमिट स्विच. जे मोजलं त्याचे फोटो तक्रारीसोबत ईमेलने पाठवा, नुसता फोन नको.

२०. गाळ्यात पाणी शिरलं, मशीन बुडालं. आता?

२६ जुलै २००५ नंतर कितीतरी मोटरी पाण्याने मेल्या नाहीत, घाईने वीज दिल्याने मेल्या. विमा असेल तर काही हलवायच्या आधी कंपनीला कळवा आणि पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा. मग मेन बंद, चिखल सुकायच्या आत गोड्या पाण्याने धुवा, कारण खाडीच्या पाण्यातलं मीठ राहिलं तर तांबं खात राहतं. स्लाइड आणि स्पिंडल पुसून लगेच तेल. गिअर बॉक्सचं तेल काढा, दुधाळ झालं असेल तर दोनदा बदला. मोटरी प्रश्न ८ प्रमाणे वाळवा, बेअरिंग सगळीच बदला. ड्राइव्ह आणि बोर्ड धुऊन निदान आठवडाभर कोरड्या गरम जागी ठेवा, आणि पहिल्यांदा वीज देताना सिंगल फेजवर चालणारी उपकरणं सिरीज बल्बमधूनच चालू करा.